नोकरी मिळते, पण टिकत का नाही?

(म्हापसा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, तुरुंगातून सुटलेल्या माणसाला कोणी काम देत नाही, असे आपण धरून चालतो. गोव्यातल्या बार्देश तालुक्यात या लोकांसोबत वावरताना मला वेगळे दिसले. हॉटेलांना, बांधकामांना, मालीमच्या ट्रॉलरांना माणसे हवीच असतात, आणि हंगाम सुरू झाला की मागचे फारसे कोणी विचारत नाही. काम मिळते, पण दोन-तीन महिन्यांत सुटते. ते का सुटते, हाच आजचा विषय आहे.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहातून जामिनावर सुटलेला एक तरुण, कसबी इलेक्ट्रिशियन, किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात लागला. पगार बँकेत जमा होणार होता. परंतु दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय ठरते, आणि आधारशी जोडलेले त्याचे सिमकार्ड केव्हाच बंद पडले होते, तेव्हा ओटीपी येणार कुठे? पहिला पगार भावाच्या खात्यात घेऊन तेही निभावले. मग तारखा सुरू झाल्या. सकाळी न्यायालयात हजर व्हायचे, साक्षीदार आला नाही म्हणून दुपारी पुढची तारीख घेऊन परतायचे, शिवाय जामिनाच्या अटीनुसार पोलीस ठाण्यात हजेरी लावायची. हॉटेलात मात्र दर वेळी नवे कारण: आईला ताप आला, स्कूटर बंद पडली. सुपरवायझरने हजेरीपटावरचे लाल शेरे मोजले आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. तारखेची चिठ्ठी त्या वेळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून त्याच्या खिशातच होती. खरे कारण सिद्ध करणारा तोच एक कागद, आणि तोच त्याला दाखवता येत नव्हता. मला याची मनापासून चीड येते, कारण त्याच्या कामात कोणी एक खोट काढली नव्हती. देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, आहेत; म्हणजे बाहेर येणाऱ्या कितीतरी जणांच्या मागे तारखा लागलेल्याच असतात.

येथे औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. आटपाडीजवळ 1939 मध्ये सुरू झालेल्या त्या वसाहतीत कैदी कुटुंबासह राहून शेती करीत. तिथे माणूस कोण आहे हे सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे त्याची शक्ती लपवाछपवीत खर्च होत नव्हती.

अध्यक्षांनी वेळेची सूचना केली आहे, म्हणून ज्या योजनेसाठी आपण जमलो ती घाईने मांडतो. खाते, आधार आणि मोबाइल क्रमांक यांची कामे सुटकेपूर्वी तुरुंगातच उरकावीत. मालकाला खरी हकीकत पहिल्याच दिवशी सांगावी, मात्र कामगाराच्या संमतीने आणि मध्यस्थामार्फत. तारखेच्या दिवसाची रजा, बिनपगारी का होईना, नेमणुकीच्या अटींतच लिहून घ्यावी. परिवीक्षेवर, म्हणजे दोषी ठरूनही शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर, सोडलेल्यांसाठी तर 1958 च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचे कलम 12 स्पष्ट सांगते की, दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता त्यांना लागू होत नाही. चारित्र्याचा दाखला मागणाऱ्या कार्यालयांना हे लेखी कळवले पाहिजे. आणि काढून टाकण्यापूर्वी मालकाने त्या मध्यस्थाला एक फोन करावा, एवढे वचन आज या सभागृहातल्या हॉटेलवाल्यांकडून आणि कंत्राटदारांकडून मला हवे आहे.