फोनमधला रस्ता आणि कागदावरचा मुलूख

नमस्कार श्रोतेहो.

गणपती जवळ आले की मुंबई-पुण्याच्या घराघरांत एक चर्चा रंगते. यंदा कोकणात उतरायचं कुठून? महामार्गाने सरळ जावं तर इंदापूर-माणगावला गाड्यांची रांग. मग कोणी पुण्याकडून जायचं ठरवतं. उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला. किंवा कराडहून मलकापूर आणि आंबा घाटाने साखरप्याला. तळकोकणातली मंडळी थेट कोल्हापूर गाठतात आणि गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीला उतरतात. प्रत्येक घाटाचे चाहते असतात, प्रत्येकाची कारणं असतात. अलीकडे मात्र ही चर्चा एका वाक्यात संपते: "लोकेशन टाक रे, नेईल तो बरोबर." आज मला या वाक्याबद्दल बोलायचं आहे, कारण ते अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं पावसाळ्यात जिवावर बेतू शकतं.

आधी खरं ते बोलू. शहरात फोनला तोड नाही. पुण्याच्या पेठांतले एकेरी रस्ते कोणता छापील नकाशा सांगणार? शिवाय कागद शिळा होतो. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. मुंबई-गोव्याचा सतरा नंबर सहासष्ट झाला, पुणे-कोल्हापूरचा चार नंबर अठ्ठेचाळीस झाला. कपाटातल्या जुन्या नकाशात मात्र सतरा आणि चारच आहेत. समृद्धी महामार्ग तर त्यात शोधूनही सापडणार नाही. पुढे अपघात झालाय, रांग लागली आहे, हे कागद कधीच सांगू शकत नाही.

आता फोन काय करतो ते पाहू. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून सतत वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. फोन ते फक्त ऐकतो. संदेश यायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढतो आणि किमान चार उपग्रह मिळाले की आपली जागा ठरवतो. याला मोबाईलची रेंज लागत नाही. घाटात रेंज गेली की लोक म्हणतात जीपीएस बंद पडलं. खरं तर निळा ठिपका जिवंत असतो, त्याच्याखालचा नकाशा तेवढा आलेला नसतो. म्हणून निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. घाटात आणखी एक अडचण येते. दोन्हीकडे कडे असले की आकाश अरुंद होतं, संदेश दगडावर आपटून येतात आणि ठिपका उडी मारून भलत्याच रस्त्यावर बसतो. अशा वेळी "उजवीकडे वळा" ऐकून लगेच चाक फिरवायचं नाही.

तुम्ही कुठे आहात, हे उपग्रह सांगतात. कुठून जा, हे सांगतो फोनमधला नकाशाचा कार्यक्रम, म्हणजे ॲप, आणि त्याचं मुख्य लक्ष असतं वेळेवर. महामार्ग तुंबला की तो मोकळा आतला रस्ता शोधतो. तो रस्ता मोकळा का आहे, हे त्याला माहीत असेलच असं नाही. मोरी वाहून गेली असेल, दरड आली असेल, समोरून ट्रॅक्टर आला तर बाजूला घ्यायला जागा नसेल.

जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेल्या तिघांची गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री पाण्यात गेली. फोनने दाखवलेला रस्ता पुलावरून जात होता आणि तो पूल धरणाच्या फुगवट्याखाली होता. दोघे वाचले, गाडी चालवणारा गेला. गावातल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं, की धरण भरलं की हा पूल बुडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघे दगावले. तिथेही रस्ता फोननेच दाखवला होता. दोन्ही ठिकाणी अनोळखी मुलूख होता, आणि डोळ्यांपुढे होती ती फक्त पुढच्या वळणाची रेघ.

म्हणून माझा आग्रह आहे, की निघायच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढा आणि जमिनीवर कागदी नकाशा पसरा. पुस्तकांच्या दुकानात मिळणारा राज्याचा घडीचा नकाशा पुरे. कोणाला अधिक खोलात जायचं असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे तक्ते आहेत. १७६७ मध्ये सुरू झालेलं हे खातं. त्याच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या तक्त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि दर वीस मीटर उंचीला एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ. या रेषा जितक्या जवळ, तितका उतार उभा. आता हे तक्ते संकेतस्थळावरून उतरवूनही घेता येतात. त्यात सह्याद्रीची धार बघा. रेषा एकमेकींना चिकटून जवळजवळ काळा पट्टा झालेला दिसतो. त्या पट्ट्यातून रस्त्याची रेघ नागमोडी खाली उतरते, तो घाट. फोनवर तोच रस्ता बोटभर निळ्या रेघेसारखा दिसतो आणि शेजारी लिहिलेलं असतं "चाळीस मिनिटं". वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा वाहतुकीला बंद होतो. त्या रेषा एकदा पाहिल्या की तसं का होतं, हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

मग नजर पश्चिमेला न्या. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या कंगव्याच्या दातांसारख्या समुद्राकडे उतरतात आणि मुखाशी रुंद खाड्या होतात. सागरी रस्त्याने जाणाऱ्याला या खाड्या आडव्या येतात. राजपुरीची खाडी आगरदांडा-दिघी फेरीने ओलांडायची, बाणकोटची वेश्वी-बागमांडले फेरीने. दाभोळहून पलीकडे धोपावे, आणि तवसाळहून पलीकडे जयगड. दापोलीहून गुहागरला निघालात तर फोन तुम्हाला बिनदिक्कत दाभोळच्या धक्क्यावर आणून उभं करतो, कारण फेरीबोट हाही त्याच्या दृष्टीने रस्ताच. रात्रीची शेवटची फेरी सुटली असेल, तर समोर गुहागरच्या बाजूचे दिवे दिसत असतात आणि तुम्हाला मात्र मागे फिरून चिपळूणचा वळसा घालावा लागतो. सोबत झोपलेली मुलं आणि आजी असली, तर तो वळसा फार लांब वाटतो. कागदावर ही खाडी तुम्हाला आदल्या दिवशीच दिसली असती, आणि फेरीची वेळ विचारणारा फोन घरूनच झाला असता.

अर्ध्या तासात एवढंच करायचं. आपल्या वाटेवरचा घाट कोणता, मोठ्या नद्या किती, त्यांचे पूल कुठे, आणि घाट बंद असला तर पुढचा उतार कुठला, हे एका चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठी चालवणाऱ्याशेजारी बसणाऱ्याकडे द्यायची. मग फोन खुशाल लावा. फोनने भलतीकडे वळायला सांगितलं, तर शेजारचा माणूस लगेच म्हणू शकतो, "थांब, आपल्याला तर नदी डावीकडे ठेवून जायचंय." रस्त्याच्या कडेच्या दगडांवरही लक्ष असू द्या. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्गाचा. केशरी दिसू लागला तर तुम्ही ग्रामसडकेवर आला आहात. दिवसा हरकत नाही. रात्री, पावसात, दगड केशरी झाले की गाडी बाजूला घेऊन एकदा विचार करा.

आणि विचारा. २०१६ मध्ये २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला. त्या घटकेला जगातल्या प्रत्येक नकाशात, कागदी असो की फोनमधला, तो पूल शाबूत होता. मागच्या गाड्या थांबवल्या त्या तिथल्या माणसांनी.

पण विचारण्यातही एक खुबी आहे. "हा रस्ता देवरुखला जातो का?" असं विचारलं तर समोरचा हो म्हणणार, कारण रस्ता जातोच. चहाच्या टपरीवर किंवा पेट्रोल पंपावर असं विचारा: "आज इकडून एसटी गेली का?" सकाळची गाडी गेली आणि संध्याकाळची परत आली, तर रस्ता चालू आहे. एसटी दुसरीकडून वळवली असेल, तर तुम्हीही वळवा. तासभर जास्त लागेल, त्या रात्रीची भजनं हुकतील. मूर्ती बसायची आहे ती सकाळी.