आपला दिवा विझवल्यावर

(पडदा पूर्ण काळा. पाण्याचा खोल, संथ आवाज.)

काहीच दिसत नाही ना? कॅमेरा चालू आहे. आपण समुद्रात १००० मीटर खाली आहोत आणि वर, पाण्याच्या पृष्ठभागावर, या घडीला भर दुपार आहे.

सूर्यप्रकाश पाण्यात शिरला की आधी तांबडा रंग संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. सगळ्यांत खोलवर टिकतो तो निळा. २०० मीटरच्या खाली कायमची सांजवेळ सुरू होते आणि इथे येईपर्यंत तीही सरते.

थोडं थांबा. डावीकडच्या कोपऱ्यात पाहा.

(एक निळा ठिपका. मग दुसरा. मग एक लखलखती माळ.)

हा उजेड सूर्याचा नाही, आपल्या पाणबुडीचाही नाही. तो एका जिवाने आपल्या अंगातून काढला आहे. याला म्हणतात जीवदीप्ती.

जमिनीवर असा उजेड म्हटला की काजवा आठवतो, आणि काजव्याचं अप्रूप वाटतं. खुल्या समुद्रात मात्र ते अप्रूप नाही. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात १७ वर्षं घेतलेल्या चित्रफितींमधून साडेतीन लाखांहून अधिक नोंदी तपासल्या गेल्या. २०१७ साली निष्कर्ष आला: पाण्याच्या थरांत दिसलेल्या प्राण्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्राणी प्रकाश देऊ शकणारे होते. इथे उजेड नसणारा जीव हाच अपवाद.

हा उजेड येतो कुठून? १८८७ मध्ये राफाएल द्युबुआ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दगड पोखरून राहणाऱ्या एका चमकणाऱ्या शिंपल्याचा अर्क काढला. थंड पाण्यातला अर्क थोडा वेळ उजळून विझला. गरम पाण्यातला उजळलाच नाही. पण हे दोन अंधारे अर्क एकत्र ओतले, आणि भांडं पुन्हा उजळलं! एकात इंधन होतं, दुसऱ्यात ते पेटवणारं विकर, म्हणजे एन्झाइम. इंधनाला त्याने ल्युसिफेरिन म्हटलं, विकराला ल्युसिफेरेज. सोबत ऑक्सिजन लागतो. धग जवळजवळ नसतेच. हा थंड उजेड आहे.

(एक चपटा, रुपेरी मासा. पोटाखाली दिव्यांची रांग.)

हा हॅचेटफिश. कुऱ्हाडीच्या पात्यासारखं अंग, आणि दिवे नेमके पोटाखाली. मला स्वतःला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच, की हे दिवे लपण्यासाठी आहेत. सांजवेळेच्या थरात शिकारी खालून वर पाहतो. वरून झिरपणाऱ्या उजेडावर माशाची काळी सावली उमटते, आणि सावली दिसली की मरण आलं. म्हणून हा मासा वरून येतो तेवढाच उजेड पोटातून खाली सोडतो आणि आपली सावली पुसून टाकतो. वरचा उजेड मंदावला, की तोही आपले दिवे मंद करतो.

हवाईच्या उथळ किनाऱ्यावर राहणारा अंगठ्याएवढा बॉबटेल स्क्विड, म्हणजे माकूळसारखा भुजांचा प्राणी, चांदण्यात हेच करतो, पण उसन्या उजेडावर. त्याच्या पोटातल्या कप्प्यात जिवाणू राहतात. एकेकटे असताना ते चमकत नाहीत. दाटी झाली, की एकमेकांनी सोडलेल्या रासायनिक खुणा ओळखून सगळे मिळून उजळतात. पहाट झाली की स्क्विड त्यातले बहुतेक जिवाणू बाहेर टाकून देतो. उरलेले दिवसभरात वाढतात आणि रात्रीपर्यंत दिवा पुन्हा तयार!

अँगलरफिश तुम्ही चित्रांत पाहिला असेल: कपाळावर गळ, गळाच्या टोकाला जिवाणूंचा दिवा. हा गळ फक्त मादीकडे असतो.

(गडद लाल जेलीफिश. तिच्या कडेने निळा प्रकाश गोल गोल धावतो.)

आणि ही अटोला. एखाद्या शिकाऱ्याने तिला धरलं, की ती असा प्रकाश फिरवू लागते. तिला पळता येत नाही. ती ‘चोर, चोर’ म्हणून ओरडते, एवढंच. दुरून एखादा मोठा शिकारी तो उजेड पाहून धावून आला, तर चोर सापडतो आणि अटोला सुटू शकते.

माणसाला हे जग उशिरा दिसलं. १९३४ मध्ये बर्म्युडाजवळ विल्यम बीब आणि ओटिस बार्टन पोलादी गोळ्यात बसून, तारेला लोंबकळत, ९२३ मीटरपर्यंत उतरले. खिडकीबाहेर काय चमकतंय ते बीब टेलिफोनवरून वर जहाजावर सांगत होता. पुढच्या काळात पाणबुड्या प्रखर दिवे लावून खाली जाऊ लागल्या. त्या झगझगाटापासून कितीतरी जीव दूर पळाले असतील.

यावरची तोड समुद्रात आधीपासून होती. मॅलाकोस्टियस नावाच्या माशाच्या डोळ्याखाली तांबडा दिवा असतो. खोल पाण्यातल्या बहुतेक प्राण्यांना तांबडा रंग दिसत नाही. याला दिसतो, आणि तोही अन्नातून मिळालेल्या, हरितद्रव्यापासून बनलेल्या रंगद्रव्यामुळे. भक्ष्याला न कळता भक्ष्यावर रोखलेली बॅटरी!

एडिथ विडर या संशोधिकेने कॅमेऱ्याला तसाच तांबडा प्रकाश दिला. सोबत एक खोटी अटोला लावली: निळे दिवे गोल फिरवणारी. २०१२ मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ हा कॅमेरा खोल सोडला गेला. ना इंजिनाचा आवाज, ना झगझगाट.

(अंधार. मग कडेने सरकत येणाऱ्या लांब भुजा.)

हा महाकाय स्क्विड. शतकानुशतकं तो माणसाला भेटला तो बहुधा किनाऱ्यावर मरून पडलेला, नाहीतर स्पर्म व्हेलच्या पोटात. इथे तो जिवंत आहे, आपल्या घरात आहे, आणि त्या निळ्या हाकेवर आला आहे. पाहा, तो त्या चमकणाऱ्या दिव्यांवर झडप घालत नाही. त्यांच्या शेजारच्या काळोख्या वस्तूवर घालतो.

तो चोराला धरायला आला आहे.