करारावर सही दोघांची, गुण एकालाच

सीबीडी बेलापूर. सेक्टर 10 मध्ये कपास भवन, म्हणजे भारतीय कापूस निगमचं मुख्यालय. शेजारच्या सेक्टर 11 मध्ये बेलापूर भवन, तिथे कोकण रेल्वे. एकीकडे कापसाच्या गाठींचा हिशेब, दुसरीकडे गाड्यांचा. दोन्ही कंपन्या सरकारी, आणि दोन्हीकडे दरवर्षी एका कागदावरून घासाघीस होते. कचेरीच्या भाषेत एमओयू. वर्षभरात काय आणि किती करून दाखवणार, याचा मंत्रालयाशी लेखी करार.

मूळ कल्पना फ्रान्सची. सरकारने रोजच्या कारभारात ढवळाढवळ करू नये, हवं ते करारात लिहावं आणि आपण काय देणार तेही लिहावं, असा विचार तिथे सरकारी कंपन्यांवरच्या 1967 च्या नोरा अहवालाने मांडला. आपल्याकडे 1984 मध्ये अर्जुन सेनगुप्ता समितीने ती वाट सुचवली. 1987-88 साठी पहिले करार झाले.

हा करार म्हणजे मुख्यतः एक तक्ता. निकष, त्याचा गुणभार आणि पुढे ‘उत्कृष्ट’पासून खाली उतरत जाणारे पाच रकाने. वर्षअखेरीस 100 पैकी गुण. अधिकाऱ्यांचा पीआरपी, म्हणजे कामगिरीनुसार मिळणारी रक्कम, या गुणांशी बांधलेली. त्यामुळे खरी लढाई टार्गेट ठरतानाच होते. धंद्यातले खाचखळगे कंपनीला मंत्रालयापेक्षा जास्त ठाऊक. हाताशी येईल असं टार्गेट पदरात पडलं की वर्ष निभावलं. जागतिक बँकेने 1995 मध्ये सहा देशांतले असे 12 करार तपासले. उत्पादकता सुधारलेल्या कंपन्या निघाल्या तीन.

आता रोहा ते ठोकूर, 741 किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग पाहा. पावसाळ्यात रात्री-अपरात्री कर्मचारी बॅटरी घेऊन रुळांवरून चालत असतात. कटिंगपाशी, म्हणजे डोंगर कापून रूळ नेलेत तिथे, थांबायचं, वर उजेड टाकायचा, माती सुटलीय का, दगड हललाय का, हे बघायचं. दरड दिसली तर गाडी तिथवर येण्याआधी थांबवायची. 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि 2004 मध्ये करंजाडीजवळ पावसाळ्यात भीषण अपघात झाले. त्यानंतर उतारांवर जाळ्या बसल्या, कटिंगचे उतार कमी तीव्र केले गेले. हा खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून वजा होतो, आणि न झालेल्या अपघाताला ताळेबंदात जागा नसते. नफ्याच्या रकान्याला जास्त भार द्यायचा की या गस्तीला, हे ठरवणं हाच कराराचा गाभा आहे. माझ्या मते गस्तीचं पारडं जडच हवं.

कापूस निगमचा पेच वेगळा. बाजारभाव हमीभावाखाली गेला की निगमने शेतकऱ्याचा कापूस घ्यायचा. 2019-20 च्या हंगामात निगमने 100 लाखांहून जास्त गाठी घेतल्या. 2021-22 मध्ये बाजार हमीभावाच्या कितीतरी वर गेला आणि हमीभावाने घेण्याची वेळच आली नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते वर्ष चांगलं. नुसत्या खरेदीच्या आकड्यावर गुण दिले, तर निगम मात्र नापास!

हमीभावाच्या खरेदीत येणारा तोटा भरून देणं ही केंद्र सरकारची जबाबदारी. 2014-15 ते 2020-21 अशा सात हंगामांसाठी 17,408 कोटी रुपयांच्या भरपाईला मंत्रिमंडळ समितीने मंजुरी दिली, ती नोव्हेंबर 2021 मध्ये. कंपनीचे गुण दरवर्षी लागतात. मग सरकारने पाळायच्या वचनांना तारीख का नसावी? भरपाई अमुक महिन्यात, संचालकांच्या रिकाम्या जागा अमुक मुदतीत, प्रकल्पाची मंजुरी अमुक दिवसांत, असं त्याच तक्त्यात लिहावं. आणि वर्षअखेरीस कंपनीच्या गुणांशेजारी तिच्या मंत्रालयाचेही गुण जाहीर करावेत.