टीप 60 ची, बदलायला 80

दिवाळी झाली की हिंगणघाटच्या पट्ट्यात कापूस यायला लागतो आणि जिनिंगवाल्यांचे फोन सुरू होतात, शाफ्ट पाहिजे, आजच पाहिजे. जवळच्याच एका गावातली ही शेड, ही सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारी लेथ. मशीन बंद आहे. लाईन आहे, बिघाड काही नाही, फक्त टीप, म्हणजे धातू कापणारा कडक कार्बाइडचा छोटा तुकडा, बदलणं सुरू आहे.

ऑपरेटर टिपेचा स्क्रू सोडायची एलन की शोधतोय, ती निघाली दुसऱ्या मशीनवर. मग टीप ढिली केली, फिरवून नवा कोन पुढे आणला, खालचा चुरा फुंकून काढला, ऑफसेट, म्हणजे टोकाच्या नव्या जागेची दुरुस्ती, मशीनमध्ये टाकला, ट्रायल कट, मायक्रोमीटर, परत ऑफसेट. गेली 12 मिनिटं.

आता हिशोब लावू. हप्ता, पगार, लाईटबिल सगळं मिळून मशीनचा तास 400 रुपये धरा, म्हणजे 12 मिनिटांचे 80. टीप 240 ची, तिला चार कोन, म्हणजे कोनामागे 60. झाले 140, आणि एका कोनावर 20 शाफ्ट निघत असतील तर शाफ्टमागे 7 रुपये. मालक घासाघीस करतो ती 60 वाल्यासाठी, कारण 80 चं बिल कोणी हातात देतच नाही ना!

"राहू द्या ना भाऊ, चालून राहिली अजून," हे तर ठरलेलं. चालते, पण साईज सरकते, फिनिश जाते, आणि तुटली तर होल्डरची सीट आणि शाफ्ट दोन्ही भंगारात.

बरं, स्पीड वाढवून वेळ भरून काढू म्हणाल तर तिथेही गोम आहे. फ्रेडरिक टेलरने 1907 मध्ये मांडलेल्या सूत्राने पाहिलं तर कार्बाइडला स्पीड 20 टक्के वाढवली की टिपेचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, म्हणजे तेच 140 दुप्पट वेळा.

इथे मग एलन की साखळीने मशीनलाच बांधली, फळ्यावर खडूने जॉब मोजायला लागले, 20 झाले की टीप फिरवायची, तुटायची वाट पाहायची नाही, जमलं तर जेवणाच्या सुट्टीतच. पहिला शाफ्ट जरा जाड ठेवायचा, मोजायचा आणि वेअर (झिजेचा) ऑफसेट एकदाच टाकायचा. 3 मिनिटांत काम झालं तर वेळेचे 20, कोनाचे 60, शाफ्टमागे 4 रुपये.

आता दोन-चार शाफ्टचंच रिपेरिंग आलं असेल तर ही डोकेफोड करू नका, तिथे खरा वेळ जॉ (शाफ्ट पकडणारे जबडे) आणि प्रोग्राम लावण्यात जातो.