मराठवाड्याचं चौथं झेंडावंदन

बाकी महाराष्ट्राला वर्षात तीन झेंडावंदनं असतात, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. मराठवाड्यातल्या पोरांना मात्र चौथ्यांदा पांढरा युनिफॉर्म इस्त्री करावा लागतो, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला. त्यात नेमके गणपती आले की बघायलाच नको, सकाळी झेंडा आणि संध्याकाळी आरती.

आता हे चौथं कशाला? तर १५ ऑगस्ट १९४७ला सोलापुरात तिरंगा फडकला आणि तिथून जेमतेम ४५ किलोमीटरवरच्या तुळजापुरात तो लावणं गुन्हा होता, कारण तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात अन् ते संस्थान भारतात सामील झालंच नव्हतं. तिथं नाणं वेगळं, त्याला हाली म्हणायचे आणि आपल्या रुपयाला कलदार. हद्दीवर करोडगिरीचे नाके, म्हणजे जकात. निजामाविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढं हे नाकेच जाळले, शिंदीची झाडं तोडली, का तर ताडी-शिंदीचा पैसा निजामाच्या तिजोरीत जायचा. स्वामी रामानंद तीर्थ या लढ्यातल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे पुढारी, त्यांना तर त्याच १५ ऑगस्टला अटक झाली. अन् समोर कासिम रझवीचे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणारी हत्यारबंद संघटना, हा रझवी लातूरला वकिली करायचा बरं का.

१३ सप्टेंबर १९४८ला भारताच्या फौजा संस्थानात घुसल्या, मोठा रेटा सोलापूरकडून, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हातात आलं. चार दिवसांनी, १७ तारखेला निजामानं रेडिओवरून शस्त्रं खाली ठेवल्याचं सांगितलं. म्हणजे देशानंतर तेरा महिन्यांनी.

मुख्य कार्यक्रम छत्रपती संभाजीनगरात, सिद्धार्थ उद्यानातल्या मुक्तिसंग्राम स्तंभापाशी. मुख्यमंत्री येतात, हवेत फैरी झडतात, मग भाषण, आणि भाषणात सिंचन अन् पॅकेज ठरलेलं, ते ऐकत लोक उन्हात उभे. खरी मजा गावच्या शाळेत, हुतात्म्यांची नावं वाचतात तिथं, कारण त्या यादीत आपल्याच गल्लीतलं आडनाव निघतं.

एक गोष्ट मात्र भाषणात सहसा येत नाही. कारवाईनंतर संस्थानात मुसलमान वस्त्यांवर फार वाईट दिवस आले, कत्तली झाल्या, चौकशीला दिल्लीहून पंडित सुंदरलाल यांची समिती आली आणि तिचा अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला गेला.

लष्कराच्या कागदावर या मोहिमेचं नाव ऑपरेशन पोलो. गावात ते कुणी म्हणत नाही, तिथं 'पोलीस अ‍ॅक्शन'च. आणि एखाद्या आजीला वय विचारा, ती साल सांगणारच नाही. म्हणेल, रझाकारीत मी पाळण्यात होते बाबा, तूच कर हिशोब.