पडद्यावर शिकलेला ड्रायव्हर

मित्रहो, आज ज्या ड्रायव्हरविषयी मी बोलणार आहे, त्याने शंभरहून अधिक शर्यती घरी संगणकासमोर बसून जिंकल्या होत्या. विल्यम बायरन हे त्याचे नाव, आणि १९९७ साली अमेरिकेतील शार्लट शहरात त्याचा जन्म झाला. नॅसकार म्हणजे अमेरिकेतील स्टॉक कार, अर्थात रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यती भरवणारी संस्था; तिच्या बहुतेक संघांच्या कार्यशाळा याच शहराच्या आसपास आहेत, तेव्हा गाव रेसिंगचे खरे. घर मात्र रेसिंगचे नव्हते. स्टॉक कारच्या जगात ही मोठीच उणीव ठरते, कारण तिथली कितीतरी मुले शाळेच्या पहिल्या इयत्तांपासून गो-कार्ट चालवतात आणि आडनावालाही वजन असते. पेटी, अर्नहार्ट, इलियट ही नावे तिथे आपल्याकडच्या गायकीच्या घराण्यांसारखीच घेतली जातात.

बायरन संगणकावर ज्यात शर्यती खेळला, तो 'आयरेसिंग' हा सिम्युलेटर म्हणजे नुसता करमणुकीचा खेळ नव्हे. खऱ्या ट्रॅकचे लेझरने मोजमाप घेऊन त्यातले ट्रॅक उभे केलेले असतात, त्यामुळे डांबराचा उंचसखलपणाही पडद्यावर उतरतो. ब्रेक कुठे लावायचा, वळणात कोणत्या रेषेने शिरायचे, पुढच्या गाडीच्या मागे किती अंतर ठेवायचे, हे बायरन तिथे शिकला. मात्र गाडीची मागची बाजू सुटू लागली की ड्रायव्हरला ते डोळ्यांच्या आधी बैठकीतून, कमरेतून कळते. त्या अवस्थेला तिथे 'लूज' म्हणतात, आणि नाक वळायलाच तयार नसेल तर 'टाइट'. खोलीतली खुर्ची जागची हलत नसल्यामुळे हे ज्ञान त्याला पडद्यावर मिळणे शक्य नव्हते, ते त्याला ट्रॅकवर उतरूनच मिळवावे लागले.

२०१२ मध्ये तो 'लेजंड्स' गाड्यांच्या शर्यतींत उतरला. १९३०-४० च्या दशकांतल्या मोटारींचा घाट, आकार मूळ गाडीच्या पाच-अष्टमांश आणि आत यामाहाच्या मोटरसायकलचे इंजिन, अशी ही छोटी गाडी असते. दिसायला ती खेळण्यासारखी असली तरी वळणात फार चंचल असते, आणि म्हणूनच शिकाऊ ड्रायव्हरला तिच्याइतका कडक मास्तर नाही. पुढच्या पायऱ्या त्याने भरभर ओलांडल्या. २०१४ मध्ये जेआर मोटरस्पोर्ट्स या संघाची लेट मॉडेल गाडी, म्हणजे स्थानिक ट्रॅकवर धावणारी स्टॉक कार मिळाली, २०१५ मध्ये नॅसकारच्या के अँड एन ईस्ट या प्रादेशिक मालिकेचे अजिंक्यपद आले, आणि २०१६ मध्ये अठराव्या वर्षी तो काइल बुश मोटरस्पोर्ट्स या संघातर्फे ट्रक मालिकेत, नॅसकारच्या तिसऱ्या राष्ट्रीय पातळीवर, दाखल झाला. या मार्गावर गुणाइतकाच पैसाही लागतो, हे इथे सांगितले पाहिजे. बायरनच्या गाडीवर प्रायोजक म्हणून लिबर्टी विद्यापीठाचे नाव होते आणि तो स्वतः त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरातल्या फिनिक्सच्या शर्यतीपाशी थोडे थांबावेसे वाटते. तोवर त्याने सहा शर्यती जिंकल्या होत्या आणि हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत अजिंक्यपदासाठी झुंजणाऱ्या अंतिम चौघांत जायला ही एकच शर्यत उरली होती. तो आघाडीवर होता, दहाएक फेऱ्या बाकी होत्या, आणि इंजिन फुटले. त्यात त्याची तसूभरही चूक नव्हती; तरी अजिंक्यपदाची संधी तिथेच संपली. पुढच्याच आठवड्यात होमस्टेडला, त्या शेवटच्या शर्यतीत, तो पुन्हा गाडीत बसला आणि ती शर्यत जिंकला. हंगामातला हा सातवा विजय, पदार्पणाच्या वर्षातला विक्रमी आकडा. अजिंक्यपद मात्र जॉनी सॉटरकडे गेले. माझ्या मते ड्रायव्हर म्हणून तो पक्का झाला तो या आठ दिवसांत.

२०१७ मध्ये एक्सफिनिटी या दुसऱ्या पातळीच्या मालिकेचे अजिंक्यपद मिळवून तो २०१८ मध्ये हेंड्रिक मोटरस्पोर्ट्स संघातर्फे सर्वोच्च कप मालिकेत पोहोचला, तोही जेफ गॉर्डन या नामवंत ड्रायव्हरने गाजवलेल्या २४ क्रमांकाच्या गाडीत. लहानपणी ज्याला तो डोक्यावर घ्यायचा, तो जिमी जॉन्सन आता संघातला सहकारी झाला होता. या चढत्या कमानीला मात्र इथे खीळ बसली. सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळाला, पण वर्षभरात एकही विजय नाही, आणि गुणतक्त्यात तेविसावा क्रमांक. पुढच्या वर्षी जॉन्सनच्या सातही अजिंक्यपदांचा क्रू चीफ, म्हणजे गाडीची तयारी आणि शर्यतीतले डावपेच सांभाळणारा प्रमुख, चॅड क्नाउस त्याच्या दिमतीला आला, तरी विजयाने हुलकावणीच दिली. ती प्रतीक्षा २०२० च्या ऑगस्टमध्ये डेटोनाला संपली.

डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा, वळणांत तो एकतीस अंशांनी आडवा कललेला, आणि चाळीस गाड्या एकमेकींना जवळजवळ चिकटून धावतात. इथली वर्षातली मोठी शर्यत, डेटोना ५००, त्याने २०२४ मध्ये जिंकली. २०२५ मध्ये तर शेवटच्या फेरीत तो नवव्या क्रमांकावर होता. पुढच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि तो त्या गोंधळातून निसटून पुढे गेला. याला नशीब म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना मी खोडून काढणार नाही; फक्त फिनिक्सचा हिशेबही त्यांनी त्याच वहीत मांडावा. लागोपाठ दोनदा ही शर्यत जिंकणारा तो रिचर्ड पेटी, केल यारबरो, स्टर्लिंग मार्लिन आणि डेनी हॅमलिन यांच्यानंतरचा पाचवा ड्रायव्हर. दोन्ही वेळा त्याचा क्रू चीफ होता रूडी फ्यूगल. फिनिक्सला इंजिन गेले, त्या रात्रीही पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघाच्या जागेत, तोच होता.