सायकलवर सामान कुठे बांधायचं?

नमस्कार मंडळी! नाशिकहून सापुताऱ्याचा बेत ठरला, वाटेत वणीला मुक्काम, तीन दिवसांचं सामान. अशा वेळी आपण आधी बॅगा बघायला लागतो. बॅगा राहू द्या, आधी सायकलजवळ बसा.

हे बघा. मागच्या एक्सलच्या जरा वर, फ्रेमलाच, आटे पाडलेलं हे भोक. पलीकडे एक, आणि सीटखाली अशीच दोन. ही असली की प्रश्न मिटला! कॅरियर बसवा आणि दोन्ही बाजूंना पॅनियर, म्हणजे कॅरियरला अडकवायच्या बॅगा, लटकवा. वजन खाली राहतं, सायकल डुलत नाही. डांबरी रस्त्याला यापेक्षा चांगली सोय नाही, असं माझं ठाम मत आहे. फक्त पेडल उलटं फिरवून टाच बॅगेला लागते का ते बघा, तेही प्रवासात घालणार तेच बूट घालून.

भोकं नसतील तर फ्रेमच्या त्रिकोणातली बॅग, सीटखालची लांब बॅग आणि हँडलवरची. यात सामान कमी मावतं. पाने, ट्यूब, पाणी असं जड ते त्रिकोणात. सीटखाली फक्त कपडे, नाहीतर चढावर ती बॅग शेपटीसारखी हलत राहते.

पाठीवर सॅक मात्र नको. पहिल्या दिवशी काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी खांदे भरून येतात आणि तो सगळा भार सीटवरच येतो.

आता हा बोल्ट. ५ मिलिमीटर जाडीचा, एवढासाच. वणीच्या अलीकडे माझ्या कॅरियरचा असाच एक गळून पडला. कॅरियर डावीकडे कलला, पॅनियरचा पट्टा आऱ्यांत जाता जाता राहिला. कांदे भरत असलेल्या एका काकांनी सुतळी दिली, तिच्यावर वणी गाठली. तेव्हापासून प्रत्येक आट्याला निळ्या थ्रेडलॉकचा (बोल्ट आपोआप सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब लावतो, आणि दोन जादा बोल्ट नि तो फिरवायची ४ मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी किल्ली) हाताशी, वरच्या कप्प्यात.

पावसाळ्यात जाणार असाल तर गुंडाळून बंद होणारी बॅग घ्या आणि तोंडाला किमान तीन घड्या घाला.

निघायच्या आधीच्या रविवारी सगळं सामान बांधून त्र्यंबकेश्वरला जाऊन या. जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर. घरी आलात की आंघोळीआधी ॲलन की घ्या आणि एकेक बोल्ट तपासा. परवा माझा डावीकडचा अर्धा आटा फिरला.